शिशाचे आप्पे

आमच्या घरात बिडाचं एक आप्पेपात्र होतं. ते माझं नव्हतं, सांभाळायचं काम तेवढं माझं होतं.

सासूबाईंना पुण्यात पोस्टात नोकरी लागली तेव्हा पहिल्या पगारातून त्यांनी ते बोहरी आळीत जाऊन घेतलं होतं. सात खळगे, दोन्ही बाजूंना कान, आणि वजन असं की एका हाताने उचलायला गेलं तर मनगट बोंब मारतं. दहा वर्षांपूर्वी त्या आमच्याकडे सिंगापूरला आल्या तेव्हा बॅगेतल्या चार साड्या कमी करून त्यांनी ते आणलं, बेडोकच्या आमच्या फ्लॅटमधल्या ओट्यावर ठेवलं आणि मला म्हणाल्या, "हे तुला दिलेलं नाही हं. नातीचं आहे. ती स्वतःचं घर मांडेल तेव्हा मी येऊन माझ्या हाताने तिला देणार. तोवर तू वापर. बीड वापरात राहिलं पाहिजे, नुसतं ठेवलं की गंजतं."

मी "हो आई" म्हटलं आणि ते सिंकखालच्या कपाटात ढकललं. आप्पे मी करायचे, नाही असं नाही, पण नॉनस्टिकच्या हलक्या पात्रात. धुवायला सोपं. दर रविवारी व्हिडिओ कॉलवर सासूबाई विचारायच्या, "आप्पेपात्र वापरतेस ना?" आणि मी सांगायची, "हो, परवाच केले." आप्पे केलेले असायचेच, त्यामुळे मला त्यात फारसं काही वावगं वाटायचं नाही. आता गंमत बघा, मी बँकेत कम्प्लायन्सला आहे. लोकांनी सही करून दिलेली निवेदनं वाचायची आणि ती खरी आहेत का हे खोदून खोदून विचारायचं, हेच माझं वीस वर्षांचं काम. मी टेबलाजवळून गेले की लोक आवाज खाली करतात. हे मला ठाऊक आहे, आणि खोटं कशाला सांगू, आवडतंही.

मासेमारीचं वेड मला पन्नाशीनंतर लागलं. डॉक्टरने रोज चालायला सांगितलं म्हणून मी ईस्ट कोस्टच्या किनाऱ्याने चालायला लागले. पहिल्या आठवड्यात बेडोक जेट्टीच्या टोकापर्यंत जायची आणि परत फिरायची. दुसऱ्या आठवड्यात टोकाशी उभी राहून गळ टाकणाऱ्यांना बघायला लागले. तिसऱ्या आठवड्यात तिथल्या एका चिनी अंकलनी चहा प्यायला जाताना आपली काठी माझ्या हातात दिली. ते परत आले तेव्हा काठीला एक बोटभर मासा होता आणि माझं चालणं संपलं होतं. डॉक्टरला हे अजून सांगितलेलं नाही.

"कोकणातली असतीस तर समजलो असतो," नवरा म्हणतो. "तू सोलापूरची."

खरंय त्याचं. आमच्याकडे समुद्र फक्त भूगोलाच्या पुस्तकात होता. पण म्हणूनच मला त्याची इतकी अपूर्वाई असेल. सकाळी सहाच्या आसपास जेट्टीवर उभं राहायचं, दूरवर नांगर टाकून बसलेली जहाजं बघायची, दोरी बोटावर हलकी धरून ठेवायची. कुणी काही विचारत नाही, मी कुणाला काही विचारत नाही. दिवसभर प्रश्न विचारणाऱ्या बाईला याहून मोठी सुट्टी नसेल.

फक्त एक कटकट होती. गळ तळाशी बसावा म्हणून दोरीला शिशाचं वजन बांधतात, आणि जेट्टीखाली दगडांच्या सांदीकोपऱ्यात ती वजनं अडकून बसायची. ओढलं की दोरी तुटायची. एका सकाळी तीन-चार गेली की माझं डोकं फिरायचं. दुकानातली वजनं लांबट, थेंबाच्या आकाराची, प्रवाहाबरोबर गडगडत जाणारी. अंकल मात्र स्वतः ओतलेली वजनं वापरायचे. वरून सपाट, खालून गोल, अर्ध्या सुपारीसारखी, आणि ती वाळूत टाकली तिथे मुकाट बसायची. अंकलचं काकी बुकित नावाच्या भागात टायरचं दुकान होतं. चाकाचा तोल साधायला रिमला शिशाचे जे तुकडे लावतात, ते जुने काढलेले त्यांच्याकडे डबाभर पडलेले असायचे.

"शिसं मी देतो, साचा तुझा तू बघ," असं त्यांनी मला त्यांच्या इंग्रजीत सांगितलं.

घरी येऊन बादली काढायला मी सिंकखालचं कपाट उघडलं आणि बादलीमागे सात साचे तयार दिसले.

आता, मी आळशी असेन, पण इतकी काही ही नाही. शिसं हे विष आहे, ज्या भांड्यात ते एकदा गेलं त्या भांड्यात पुन्हा अन्न शिजवायचं नाही, हे मला कळत होतं. सासूबाईंचं आप्पेपात्र म्हणजे माझ्याकडे ठेवलेली ठेव. मी त्याचा फोटो काढला आणि टेक्का मार्केटजवळच्या भांड्यांच्या दुकानांत हिंडले. तमिळ लोक त्याच पात्रात पणियारम करतात, त्यामुळे तिसऱ्याच दुकानात त्याचं जुळं भावंड मिळालं. तेच सात खळगे, तेच कान, तोच काळा रंग. घरी आणून मी नवऱ्याला बजावलं, "हे शिशाचं. हे अन्नाला शिवायचं नाही."

मी आंघोळीला गेले आणि तिथे घोळ झाला. माझा नवरा पुण्याचा. बिडाचं भांडं दिसलं की याच्या हाताला तेल लागल्याशिवाय राहत नाही, तो संस्कारच आहे. नवं तर त्याने तेल लावून तापवलंच, पण हात आहेच तेलाचा तर जुनंही होऊन जाऊ दे म्हणून त्यालाही चोळलं, दोन्ही वर्तमानपत्रात गुंडाळली आणि एकावर एक कपाटात ठेवली. किती छान काम केलं असं त्याच्या चेहऱ्यावर होतं. शनिवारी सकाळी मी वरचं उचललं आणि काकी बुकितला गेले.

शिसं घरात वितळवायचं नसतं. त्याचा धूर छातीत जाऊ द्यायचा नाही. अंकलच्या दुकानामागे उघडी जागा होती, तिथे एक मोठा पंखा, गॅसची शेगडी आणि लोखंडी पातेलं होतं. तोंडाला मास्क, डोळ्यांवर चष्मा, हातात चामड्याचे मोजे, अंगात नवऱ्याचा फुल बाह्यांचा शर्ट. परत येताना हात कोपरापर्यंत धुवायचे आणि शर्ट वेगळ्या पिशवीत.

आधी निवड करायची. हल्ली रिमच्या त्या तुकड्यांत जस्ताचेही असतात आणि एक जरी पातेल्यात गेला तर सगळं शिसं बिघडलेल्या लापशीसारखं होतं. पकडीत धरून दाबायचं. दबलं ते शिसं, न दबलं ते बाजूला. तांदूळ निवडल्यासारखंच काम आहे, फक्त मांडी घालून बसायला पाटाऐवजी टायर असतो. मग पातेलं शेगडीवर. बराच वेळ काही होत नाही, आणि मग एकाएकी तुकडे खाली बसायला लागतात. त्यांना जोडलेले लोखंडी चिमटे वर तरंगतात ते झाऱ्याने काढायचे. मेणबत्तीचा लहानसा तुकडा टाकून ढवळायचं, काळी मळी वर येते, ती साय काढतात तशी अलगद काढायची. तिच्याखाली शिसं असं लख्ख दिसतं की बघतच राहावं. तोपर्यंत दुसऱ्या जाळावर आप्पेपात्र तापलेलं हवं. थंड पात्रात ओतलं की शिशाला सुरकुत्या पडतात. आणि पात्र कोरडं हवं, अगदी ठणठणीत कोरडं. पाण्याचा एक थेंब जरी शिशाखाली सापडला तरी शिसं उसळून तोंडावर येतं. मग पळीने प्रत्येक खळग्यात निम्म्याहून कमी ओतायचं, गोठायच्या आत मधोमध तारेचा फासा धरायचा, थांबायचं. पात्र उलटं केलं की सातही वजनं वाळूवर टपाटप पडतात.

पहिला घाणा सुरकुतला. दुसरा मात्र असा झाला की मी अंकलना हाक मारून दाखवला.

"कॅन, आंटी, कॅन," ते म्हणाले. त्यांच्याकडून यापेक्षा जास्त कौतुक कुणाच्याच वाट्याला येत नाही.

सातांतल्या एका वजनाच्या पोटावर नखाएवढी एक रेघ उठलेली होती, वाकडी, चंद्रकोरीसारखी. म्हणजे त्या खळग्यात तळाशी खाच होती. मी टेक्काच्या दुकानदाराला मनातल्या मनात दोन शब्द सुनावले, स्वस्तातलं गळ्यात मारलं म्हणून. पुढच्या घाण्यातही ती रेघ, त्याच्या पुढच्याही. होता होता मला ती आवडायला लागली. चंद्रकोरवाली वजनं मी डब्यात वेगळ्या कप्प्यात ठेवायची आणि ज्या दिवशी समुद्र चांगला असेल त्या दिवशी वापरायची. पात्राच्या कानाला मी लाल रंगाचा पट्टा मारला, ते अंकलच्याच दुकानात कपाटात ठेवलं आणि पुन्हा कधी घरी आणलं नाही. या बाबतीत माझे नियम कडक आहेत.

असं वर्षभर चाललं. महिन्यातून एक शनिवार ओतायचं, बाकीचे शनिवार हरवायचं. फार छान दिवस होते ते. मग लेकीला क्लेमेंटीत फ्लॅटची किल्ली मिळाली आणि सासूबाईंनी पुण्याहून तिकीट काढलं.

एक्याऐंशी वर्षं वय, दोन्ही गुडघे दुखरे. दहा वर्षांपूर्वीच्या त्या खेपेनंतर त्या आल्या नव्हत्या. विमानतळावर व्हीलचेअरवरून उतरल्या उतरल्या त्यांनी नातीला जवळ घेतलं आणि सांगितलं, "शनिवारी तुझ्या घरी आधी दूध उतू घालायचं, मग आप्पे. पात्र मी माझ्या हाताने देणार." नात म्हणाली, "ओके आजी, बट माय हॉब इज इंडक्शन हं." सासूबाई म्हणाल्या, असू दे.

बुधवारी सकाळी त्यांना पात्राची अवस्था बघायची होती. त्या उठायच्या आत मी कपाटातलं बाहेर काढलं, कागद फेकला, तेलाचा हात फिरवला आणि रोजच्या वापरातलं असल्यासारखं शेगडीवर ठेवलं. त्यांनी ते उचललं, जरा थांबल्या, पुन्हा ठेवलं. पीठ घातलं, झाकण ठेवलं, आप्पे उलटले. सातही सोन्यासारखे निघाले, एकही चिकटला नाही. मी म्हणणार होते, बघा कसं छान ठेवलंय. त्यांनी सातही आप्पे ताटलीत ओळीने मांडले आणि बोटाने एकेक उलटवून पाहिला.

"हे माझं नाही," त्या म्हणाल्या.

"असं कसं आई, तेच आहे."

"माझ्या पात्राच्या एका खळग्यात खाच आहे. घेतलं तेव्हापासूनची. तिथला आप्पा कायम चिकटतो आणि निघतो तेव्हा पोटावर एवढी चंद्रकोर असते." त्यांनी अंगठ्याचं नख दाखवलं. "चिकटलेला आप्पा करणाऱ्याच्या ताटात. जन्मभर तो मीच खाल्लाय. मला नाही कळणार?"

ती चंद्रकोर मी वर्षभर बघत होते. शिशात.

"आत असेल मागे, मी बघते," असं काहीतरी पुटपुटून मी बेडरूममध्ये गेले. गळाचा डबा उघडला. वेगळ्या कप्प्यात पाच वजनं होती आणि पाचांच्याही पोटावर सासूबाईंचं नख होतं. मी पलंगावर बसले ती बसलेच. एकदा, फक्त एकदा जरी मी त्या पात्रात आप्पे केले असते, तरी ती खाच मला माहीत झाली असती. मग नवऱ्याने सात वेळा तेल लावून अदलाबदल केली असती तरी माझं मला ओळखता आलं असतं.

नवऱ्याला आत बोलावून सांगितलं. त्याचा चेहरा पडला. "मी तर फक्त तेल लावलं," तो म्हणाला. मग जरा वेळाने, "खूप घासलं तर?"

मी त्याच्यावर फिस्कारले. बीड म्हणजे काच नाही, त्याच्या छिद्राछिद्रात शिसं मुरलेलं असणार. आपली पोर त्यात चाळीस वर्षं रांधणार, उद्या तिची पोरं खाणार. ते पात्र आता अन्नाचं राहिलं नव्हतं, हे माझ्याइतकं त्यालाही कळत होतं. मग त्याने दुसरं सुचवलं, "सांगून टाक हरवलं. स्वयंपाकघराचं रिनोव्हेशन झालं तेव्हा कामगारांनी टाकलं असेल. वाईट वाटेल तिला, पण चार दिवसांनी विसरेल."

खोटं बोलायचं नाही असं ठरवलंय, म्हणून सांगते. मला ते पटलं. मी अख्खा बुधवार ते वाक्य मनात घोळवलं. ऑफिसात बसून घोळवलं, लोकांच्या निवेदनांवर लाल खुणा करत करत.

गुरुवारी सकाळी जाग आली ती स्वयंपाकघरातल्या खुडबुडीने. सासूबाई जमिनीवर बसल्या होत्या. ज्या बाईला खुर्चीतून उठायला दोन हात लागतात ती फरशीवर पाय पसरून बसली होती. हातात मोबाइलची बॅटरी, आजूबाजूला सिंकखालचं सगळं सामान काढून मांडलेलं, बादली, फिनाइल, जुने डबे. मान आत घालून त्या कपाटाच्या शेवटच्या कोपऱ्यापर्यंत उजेड पाडत होत्या. त्यांच्या पांढऱ्या केसांना कोळिष्टक लागलं होतं.

मी त्यांच्याशेजारी फरशीवर बसले आणि सगळं सांगितलं. शिशाचं सांगितलं, टेक्काच्या जुळ्याचं सांगितलं, तेलाचं सांगितलं. आणि मग ज्याचं सांगायची गरज नव्हती तेही सांगितलं, की मी ते पात्र दहा वर्षांत एकदाही शेगडीवर ठेवलं नव्हतं. सांगताना रडू येईल असं वाटलं नव्हतं, पण आलं.

त्या बराच वेळ हातातली बॅटरी चालू-बंद करत राहिल्या.

"परवाच केले, परवाच केले म्हणायचीस ते?"

"नॉनस्टिकमध्ये."

"मला वाटलंच होतं," त्या म्हणाल्या. "दहा वर्षांत एकदासुद्धा म्हणाली नाहीस की आई, तुमच्या पात्रात एक चिकटतो."

दर रविवारी ही बाई तो प्रश्न विचारत होती आणि दर रविवारी माझं उत्तर तपासून बाजूला ठेवत होती. वीस वर्षं मी हे काम करते, पण इतक्या शांतपणे मला कधी जमलेलं नाही.

"मग बोलला का नाहीत?"

"काय बोलायचं? सांगशील कधीतरी, म्हटलं." त्यांनी माझ्या खांद्याचा आधार घेतला, पण उठल्या नाहीत. "म्हणजे माझं पात्र वापरलंस ते शिशासाठी."

"हो."

"वापरलंस तरी," त्या म्हणाल्या. मग म्हणाल्या, "मला बघायचंय."

शुक्रवारी मी सुट्टी टाकली आणि टॅक्सीने त्यांना काकी बुकितला नेलं. त्यांच्या मांडीवर एक कापडी पिशवी होती, टॉवेल कोंबलेली. मी विचारलं नाही, म्हातारी माणसं काहीही बरोबर घेतात. अंकलनी त्यांना दुकानातली चाकाची खुर्ची दिली, वाऱ्याच्या बाजूला, पंख्यामागे. मी त्यांच्या चष्म्यावर दुसरा चष्मा चढवला, तोंडाला मास्क लावला. लाल पट्ट्याचं पात्र शेगडीवर ठेवलं तेव्हा त्या पुढे झुकल्या, पण हात लावला नाही.

पातेल्यात शिसं वितळायला लागलं तशा त्या रंगात आल्या. पोस्टात थैल्यांना लावायची लाख अशीच वितळायची म्हणाल्या, आणि वरची मळी काढली नाही तर मोहोर उठत नसे. मला म्हणाल्या, "आणखी काढ, कडेला राहिलीय." मी काढली. त्यांचं बरोबर होतं.

मग मी पळी भरली आणि ओतायला गेले. त्यांचा हात शेजारच्या पाण्याच्या बाटलीकडे गेला. "थांब, पात्र तापलंय का बघू दे," असं म्हणत त्यांनी बोटांवर पाणी घेतलं सुद्धा. तव्यावर शिंपडतात तसं शिंपडायला. साठ वर्षांची सवय. मी पळी तशीच पातेल्यात सोडली आणि त्यांचं मनगट धरलं. "पाणी नाही, आई. पाण्याने शिसं उडतं."

अंकल पंख्यापाशी होते, ते दोन पावलं मागे सरकले. सासूबाईंनी आपली ओली बोटं बघितली, पदराला पुसली आणि अगदी शहाण्या मुलीसारखी बाटली खुर्चीखाली ठेवली. "मग तुला कसं कळतं तापलेलं?" मी दाखवलं. काडेपेटीतली काडी खळग्याला टेकवायची, तिने धूर धरला की ओतायचं. त्यांनी ते लक्षपूर्वक बघितलं. इतक्या वर्षांत मी त्यांना शिकवलेली ही पहिली गोष्ट असावी.

ओतलं. फासे धरले. थांबलो. पात्र उलटं केलं, सातही पडली. निवल्यावर मी त्यांच्या हातात मोजा घातला आणि चंद्रकोरवालं वजन तळहातावर ठेवलं.

"माझंच," त्या म्हणाल्या. त्यांनी मोज्याच्या अंगठ्याने रेघ दोन-तीनदा चाचपली. डोळे भरून आलेले दोन चष्म्यांतूनही दिसत होते. त्यांच्या डोळ्यांत पाणी मी सासरे गेले तेव्हा पाहिलं होतं, त्यानंतर आत्ताच. मला इतकं वाईट वाटलं की मी माझा चष्मा, मोजे, सगळं काढून उगाचच नळाखाली हात धूत राहिले.

परत आले तर त्यांनी मांडीवरच्या पिशवीतून टॉवेल बाहेर काढला होता. टॉवेलात टेक्काचं पात्र होतं, घरातलं, स्वच्छ. म्हणाल्या, "यांना विचार, यांच्याकडे कानस आहे का. किंवा ते गरगर फिरतं ते."

"कशाला?"

"एका खळग्यात खाच पाडून हवी आहे. एवढीच." पुन्हा तेच नख.

मी अंकलना सांगितलं. त्यांना आधी कळेचना, मग कळल्यावर पटेना. चांगलं पात्र आहे, खराब कशाला करायचं, असं ते म्हणत राहिले. मी ते मराठीत सांगितलं तेव्हा सासूबाई म्हणाल्या, "त्यांना म्हणावं, सातही छान निघाले तर करणारीने कुठला खायचा?"

हे इंग्रजीत कसं सांगायचं मला सुचलं नाही. मी म्हटलं, त्यांची इच्छा आहे. अंकलनी मान डोलावली. शिशाच्या जागेपासून लांब, दुकानाच्या पुढच्या बाजूला, नवा दगड लावून त्यांनी हातातला छोटा ग्राइंडर खळग्यात टेकवला, उचलला, पुन्हा टेकवला. सासूबाईंनी नख घालून पाहिलं आणि म्हणाल्या, थोडी वाकडी. अंकलनी थोडी वाकडी केली.

लाल पट्ट्याचं पात्र तिथेच राहिलं. अजूनही महिन्यातला एक शनिवार मी त्याच्यातच ओतते.

क्लेमेंटीच्या फ्लॅटमध्ये अजून रंगाचा वास होता. दूध उतू गेलं तशी ती इंडक्शनची शेगडी पी-पी करत आपोआप बंद पडली, आणि सासूबाईंनी तिला "पुरे गं" म्हणून गप्प केलं. मग त्यांनी पात्र नातीच्या हातात दिलं. वजनाने नातीचे हात खाली गेले. हे ते नव्हे, ते कुठे आहे आणि का, हे सगळं त्यांनी तिला सांगितलं, माझ्यासमोर, काही न वगळता. लेकीने माझ्याकडे बघून भुवया उंचावल्या. ती गेली वीस वर्षं माझ्याकडून खरं बोलण्यावर व्याख्यानं ऐकत आलेली आहे.

आप्पे तिनेच केले. पहिल्या घाण्यातले सहा सुटे निघाले आणि सातवा हटून बसला. चमच्याने खरवडून काढला तेव्हा त्याचं अर्धं पोट पात्रातच राहिलं, उरलेल्यावर काळी रेघ. "आजी, धिस वन स्पॉइल ऑलरेडी लाह," असं इथल्या सिंगापुरी इंग्रजीत म्हणून तिने तो आपल्या ताटलीत घेतला.

सासूबाईंनी तो तिच्या ताटलीतून उचलला आणि माझ्या पानात ठेवला.

"केले तिने, आई. तिचा आहे तो," मी म्हटलं.

"तिचा उद्यापासून. आजचा तुझा. दहा वर्षं राहून गेलाय."

मी तो खाल्ला. सगळे माझ्याकडे बघत होते, नवरा तर घास हातात धरून थांबला होता. खालून जळला होता, आत मऊ होता.

"कसा झालाय?" सासूबाईंनी विचारलं, रविवारच्या कॉलवर विचारतात त्याच आवाजात.

"मीठ कमी आहे," मी सांगितलं.